ओळीच्या शेवटची जागा

आमच्या घरात चार माणसं गायची आणि पाचवं माणूस पहारा करायचं. पाचवं माणूस म्हणजे आई. सूर आणि सासू या दोन गोष्टी आपल्याला आयुष्यात कधी लाभल्या नाहीत, असं ती स्वतःच सांगायची. पण कोणी कुठे श्वास घेतला हे तिला डोळे मिटूनसुद्धा कळायचं. दर गुरुवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं अर्धगोलात उभे राहायचो, आणि ती समोरच्या खुर्चीवर गीतांची वही मांडीवर उघडून बसायची. वहीत शब्दांच्या डोक्यावर रंगीत पेन्सिलींच्या खुणा होत्या. बाबांची हिरवी, दादाची निळी, ताईची तपकिरी आणि माझी लाल. जिथे ज्याची खूण, तिथेच त्याने श्वास घ्यायचा. दुसऱ्याच्या जागेवर श्वास घेतला की आई वहीवर पेन्सिल आपटायची. गालावर आपटली असती तर बरं, असं वाटायचं.

हे सगळं सुरू झालं बाबांच्या छातीमुळे. बाबा लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. बत्तीस वर्षं भुसा नाकातोंडात गेला. त्या काळात तोंडाला फडकं बांधणाऱ्याला वखारीत नवरी म्हणायचे, म्हणून कोणी बांधायचं नाही. बाबांचा आवाज खालचा, जाडजूड, जमिनीसारखा. पण श्वास आत घेताना शिट्टी वाजायची. बारीकच, पण वाजायची. ओळीच्या मध्ये वाजली तर गाण्याला भोक पडायचं. तेव्हा बाबांनी स्वतःच नियम केला: ते श्वास घेणार फक्त ओळीच्या शेवटी, आणि तेवढ्या वेळात आम्ही तिघांनी शेवटचा सूर जरा मोठा करून ती शिट्टी झाकायची. म्हणजे आम्हाला ओळीचा शेवट बंद. आम्ही श्वास घ्यायचो ओळीच्या पोटात, शब्दाच्या मध्ये, जिथे शहाणं माणूस कधी थांबत नाही तिथे. मी अक्षर अर्ध्यावर सोडलं की दादा आणि ताई ते पुढे न्यायचे, आणि मी परत येऊन त्यात मिसळायचे. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

वाद्य आम्ही कधी घेतलं नाही. लोक म्हणायचे, यांच्या गाण्याला शिवण म्हणून दिसत नाही. चर्चमध्ये दर रविवारी आमचं एक गीत ठरलेलं असायचं. शिवाय लग्नं, प्रेतयात्रा, नव्या घराची प्रार्थना. पाळकांनी आमचं नाव ‘वखारवाल्यांची चौकडी’ असं ठेवलं होतं. चांडाळ हा शब्द ते मनातल्या मनात म्हणत असावेत, कारण आमची गीतं त्यांच्या प्रवचनापेक्षा जास्त लक्षात राहायची.

मला सात वर्षांची असताना या रांगेत उभं केलं. चाल माझ्याकडे, म्हणजे वरचा, सगळ्यांना ओळखू येतो तो आवाज. घरात मला बारकी म्हणतात. एकोणचाळिसाव्या वर्षीही बारकीच. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं सरकवायची आणि विचारायचं, ‘आता दिसतंय? की मघाशी जास्त दिसत होतं?’ दुसऱ्यांना हे विचारून विचारून माझा जन्म गेला. स्वतःला एकदा विचारलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

तो माणूस चष्म्यासाठीच आला. भक्तिगीतांचं रेकॉर्डिंग करायचा. चपलांच्या दुकानाखाली तळघरात त्याचा स्टुडिओ होता. त्याने आम्हाला एका चर्चच्या वर्धापनदिनी ऐकलं होतं. मी त्याच्या नाकावर रिकामी फ्रेम बसवत होते, तेव्हा तो म्हणाला, “बाई, तुमचा आवाज त्या तिघांत भाड्याने राहतोय. स्वतःचं घर कधी घेणार?”

“मान हलवू नका,” मी म्हटलं.

“एकट्या गा. मी काढतो. कार्यक्रमही लावतो.”

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार उंच शिडी लागत नाही. मला तर एका वाक्यात चढता आलं. खोटं कशाला बोलू, ते वाक्य ऐकायला मी कित्येक वर्षं बसले होते. चौघांचं कौतुक चार ठिकाणी वाटलं जातं, आणि माझ्या वाट्याला यायचं ते मला पुरत नव्हतं. लोक बाबांचा हात हातात घेऊन म्हणायचे, ‘काय मुलं घडवलीत!’ मुलं. माझं नाव कुठेच नाही. मी रात्रंदिवस त्या तळघराचा विचार करायला लागले.

घरी सांगितलं तो गुरुवारच होता. आई पेन्सिलींना टोक करत होती. दादा बसडेपोत मेकॅनिक आहे. त्याचा राग आधी हातांना येतो आणि मग तोंडाला. त्याने खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली. मग म्हणाला, “तीस वर्षं आम्ही तुझी अक्षरं उचलली. आता तुला पंख फुटले.”

“मी कायमची जात नाहीये,” मी म्हटलं.

“रविवारी कोण गाणार चाल?”

“ताई गाऊ शकते.”

ताई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आहे, दिवसभर मशिनांच्या घरघरीत काम करते. गप्प बसायचा सराव तिला दांडगा आहे. तिने फक्त वही बंद केली.

बाबा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “श्वास कुठे घेशील?”

मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, “घेईन कुठेतरी. देवाची हवा आहे, ती काय तुमच्या वहीत छापलेली नाही.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवशी सराव झाला नाही.

माझा पहिला एकटीचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. तीनशे खुर्च्या होत्या आणि त्यातल्या दोनशे तरी भरलेल्या. नवी निळी साडी, समोर माइक, मागे दोन वादक. सुरुवात मी बाबांनीच रचलेल्या गीताने केली, ‘तुझ्याच करुणेने आजवर चाललो’. लहानपणापासून हजार वेळा गायलेलं. मला वाटलं, झकास चाललंय. डोळे मिटून गायले. टाळ्या पडल्या, पण थोड्या बिचकत पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी बाई माझा हात धरून अगदी मायेने म्हणाली, “दम लागतो का गं तुला? औषध घेतेस का काही?”

दुसऱ्या दिवशी तळघरात रेकॉर्डिंगवाल्याने मला ते ऐकवलं. त्याने यंत्र चालू केलं आणि स्वतः पाठ करून बसला. माझाच आवाज आला. ‘तुझ्याच करु—’ आणि मग काही नाही. भिंतीएवढं मोठं काही नाही. मग ‘—णेने’. पुढच्या ओळीत तेच. प्रत्येक ओळीत एक शब्द मधोमध तोडलेला. आणि ओळ संपली की, जिथे जगातला प्रत्येक माणूस थांबतो, तिथे मी शेवटचा सूर ताणून, उगाच मोठा करून धरलेला. तिथे नसलेली शिट्टी झाकत होते मी.

गाताना मला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. माझ्या कानात ते तिघं गातच होते.

“असं का करता?” त्याने विचारलं.

मी त्याला वहीच्या खुणांबद्दल सांगितलं. त्याने एका गाण्याच्या बाईंचा पत्ता दिला आणि म्हणाला, “मोडता येईल. सवयच आहे ना.”

गाण्याच्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. खोलीत एक पियानो, एक आरसा आणि पाच मांजरं. त्या माझ्या पाठीवर तळहात ठेवायच्या आणि मी गायचे. शब्दाच्या मध्ये श्वास घेतला की तळहात दाबायच्या. “वाक्य संपू दे. मग घे. माणसासारखी घे, चोरासारखी नको.” आठवड्यातून तीन दिवस, दुकान सुटल्यावर. पहिले चार महिने मी रडकुंडीला आले. शब्दाच्या मध्ये छाती आपोआप उघडायची आणि मी ती दाबून धरायचे. ओळीच्या शेवटी मोकळी जागा समोर असायची आणि मला तिथे पाऊल टाकायची हिंमत व्हायची नाही. लहानपणी त्या जागेसाठी मी आईच्या पेन्सिलीचे किती फटके वहीवर ऐकले होते. ती बाबांची जागा होती. पण माणूस कशालाही सरावतो. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी ओळ संपली आणि श्वास आपसूक आत आला. बाईंनी पाठीवरचा हात काढला. “सुटलीस,” त्या म्हणाल्या. मी घरी जाताना रस्त्याने हसत होते.

त्या वर्षात मी दुकानाजवळ खोली घेऊन एकटी राहत होते, आणि आमच्या चर्चमध्ये पाय ठेवला नाही. आई कधीतरी दुकानात यायची आणि तोच चष्मा पुन्हा तपासून घ्यायची. ताई चाल गातेय, तिला वरचे सूर जड जातात, दादा माझं नाव काढत नाही, बाबांचा खोकला वाढलाय, असं एकेक सांगायची. मी भिंगं पुसत ऐकायचे.

मग रेकॉर्डिंग झालं. आठ गाणी. कुठेही भोक नाही, कुठेही चूक नाही. दुसरा कार्यक्रम झाला, त्याच सभागृहात. मी प्रत्येक शब्द अख्खा गायले. आणि काही म्हणजे काही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घड्याळं पाहिली, छत्र्या शोधल्या. एक बाई दुसरीला म्हणाली, “स्वच्छ गाते हो.” स्वच्छ! जेवणाला कोणी ‘गरम होतं’ म्हणावं तसं.

रेकॉर्डिंगवाला मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर मला रागवायला बरं पडलं असतं. त्याने मला चहा दिला आणि कपातच पाहत बोलला. “त्या दिवशी चर्चमध्ये मी जे ऐकलं ना, मला वाटलं ते तुम्ही आहात. वर तुमचाच आवाज होता, म्हणून तसं वाटलं. खालचं मला दिसलंच नाही.”

“म्हणजे माझा आवाज—”

“चांगला आहे. चांगला आहे हो.”

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला तेव्हा त्याने कामात असल्याचं सांगितलं. कामात होताही असेल.

तेलही गेलं, तूपही गेलं, असं आई म्हणाली असती. पण ती म्हणाली नाही. ती दुकानात आली, खुर्चीवर बसली, आणि मी तपासणीची फ्रेम काढली तेव्हा तिने माझं मनगट धरलं. “मला सगळं दिसतंय. फ्रेम ठेव. गुरुवारी ये.”

“दादा?”

“दादा तुझा भाऊ आहे, फाटकावरचा शिपाई नाही. ये.”

मला माझी जागा परत हवी होती. बाकी काही नको होतं. नाव नको, साडी नको, तळघर नको. त्या अर्धगोलात दादा आणि ताईच्या मधली दीड फूट फरशी हवी होती. महिनाभर मी खोलीत लाल खुणा आठवून आठवून एकटीच सराव केला. शब्दाच्या मध्ये श्वास घ्यायचा, अक्षर सोडायचं, परत यायचं. पण विचार करून घेतलेला श्वास उशिरा येतो. मागितला की यायचा नाही, आणि ओळ संपली की न मागता यायचा. तरी मी स्वतःला समजावलं, की ते तिघं शेजारी असले की सगळं आठवेल.

गुरुवारी गेले. बाहेरची खोली तशीच होती. बाबा तेवढे अर्धे झाले होते. सदऱ्याच्या गळ्यात मान हलत होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, “उभी राहा.” दादाने माझ्याकडे न बघता एक पाऊल बाजूला घेतलं. ताईने माझा हात दाबला आणि सोडला. मला वाटलं, झालं. आले मी घरी.

‘तुझ्याच करुणेने’ सुरू केलं. पहिला शब्द. देवाशपथ सांगते, वर्षभरात माझ्या कानांनी असं काही ऐकलं नव्हतं. पायाखालून बाबांचा सूर वर येत होता आणि माझा आवाज त्यावर आपोआप तरंगायला लागला. मग माझी लाल खूण आली. दादाने आणि ताईने माझं अक्षर उचलायला आवाज किंचित वाढवला. मी अक्षर सोडलंच नाही. तिघांचे आवाज एकमेकांवर आदळले. ओळीच्या शेवटी बाबांनी श्वास घेतला, आणि त्याच क्षणी मीही घेतला. वरची चाल गेली आणि खालचा सूर गेला. मध्ये दादा आणि ताई दोघंच उरले, छप्पर नसलेल्या आणि जमीन नसलेल्या घरासारखे. आणि त्या पोकळीत बाबांच्या छातीची शिट्टी सगळ्या खोलीला ऐकू आली.

आईने पेन्सिल आपटली नाही. ते मला फार लागलं.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी लाल खुणेवर श्वास घ्यायला गेले, तर तो अर्धाच आला. पुढच्या शब्दाला माझा सूर फाटला, आणि ओळीच्या शेवटी छाती पुन्हा उघडलीच. शिट्टी पुन्हा वाजली. बाबांना खोकल्याची उबळ आली. ताई पाणी आणायला आत गेली.

“खुणा बदलू या,” आई म्हणाली. “दादा, तू जरा आधी घे, बाबांनी तुझ्या जागी—”

“माझ्या श्वासाला हात लावायचा नाही,” दादा म्हणाला. “मला एकच येतं. मी कुठे शिकायला गेलो नाही. आणि बाबा मध्ये कुठे घेणार? शिट्टी वाजेल.” मग पहिल्यांदाच तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. “बारके, तू आमच्यासारखी राहिली नाहीस गं. मी तुला शिक्षा नाही करत. तू खरंच नाही राहिलीस.”

मी पिशवी उचलली. “मी जाते. ताई गातेय ते चांगलं आहे.”

“ताईचा घसा गेलाय,” आई म्हणाली. “रविवारी तिला रक्ताची चव येते तोंडात.”

तेव्हा बाबा उठले. आईच्या मांडीवरची वही त्यांनी घेतली, तिच्या डब्यातलं रबर घेतलं, आणि टेबलावर वाकून ते खोडायला लागले. एकेका ओळीच्या शेवटची हिरवी खूण. घाई नाही, दाब नाही. वखारीतही ते असेच काम करत असणार. पानावर हिरवट चुरा जमला, तो त्यांनी फुंकला, आणि फुंकताना पुन्हा शिट्टी वाजली.

“काय करताय?” दादा ओरडला.

“शेवटची जागा हिला द्या,” बाबा म्हणाले. “तिथे हिला श्वास येतो. मी नसलो तर झाकायला काही उरत नाही. तुम्ही दोघं तुमच्या जागी राहा.”

“आणि तुम्ही?”

“मी बसतो समोर. ऐकतो.” ते हसले. “चाळीस वर्षं गातोय, पण आपल्याला बाहेरून कधी ऐकलंच नाही मी. लोक एवढं म्हणतात, शिवण दिसत नाही, शिवण दिसत नाही. एकदा बघू तरी.”

“बाबा, नको,” मी म्हटलं.

एकदाच म्हटलं. दोनदा म्हणायला हवं होतं. दहादा म्हणून, वही हिसकावून, दार ओढून निघून जायला हवं होतं. पण मला ती दीड फूट फरशी हवी होती, आणि ती मिळत होती. मी पिशवी खाली ठेवली. दादाने ते पाहिलं. त्यानंतर आजतागायत गाण्यापलीकडे तो माझ्याशी काही बोललेला नाही.

रविवारी आम्ही तिघं उभे राहिलो. पाळकांनी “आपली चौकडी” असं म्हटलं, मोजलं, आणि घाईने बायबलचं पान उलटलं. बाबा तिसऱ्या बाकावर आईच्या शेजारी बसले होते. इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे काढलेली. लहान मूल खेळ सुरू व्हायची वाट बघतं तसे बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना जे फुकट मिळालं, ते आज त्यांना मिळणार होतं.

आम्ही गायलो. कुठेही अडलो नाही. दादाने त्याच्या जागी श्वास घेतला, ताईने तिच्या. ओळ संपली की मी घेतला, पूर्ण, माणसासारखा, बाईंनी शिकवला तसा. दुसऱ्या कडव्यापर्यंत माझ्या लक्षात आलं की बाबांचे ओठ मिटलेले आहेत, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी, माझ्याबरोबर, त्यांची छाती वर येतेय. मी नजर काढून भिंतीवरच्या घड्याळाकडे लावली आणि तसंच गाऊन संपवलं.

उपासना सुटल्यावर लोक भेटले. “तीन असलात तरी छान,” कोणी म्हणालं. दादा कोणाशी न बोलता डेपोच्या रस्त्याला लागला. ताई घसा धरून बाकावर बसून राहिली. बाबा दारापाशी भिंतीला टेकून उभे होते, आई छत्री आणायला गेली होती. मी जवळ गेले. मला विचारायचं नव्हतं, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारावंच लागलं.

“कसं वाटलं, बाबा?”

त्यांना खोटं कधी पटकन सुचायचं नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच सुचलं नाही.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “मोठं असेल गं. आतून फार मोठं वाटायचं.”

मग त्यांना वाटलं असावं की मला लागलं, म्हणून ते घाईने म्हणाले, “तू चुकली नाहीस हां. तू कुठेच चुकली नाहीस.” आणि आई येताना दिसली, तसा त्यांनी तिच्यासाठी हात पुढे केला, आणि दोघं पायऱ्या उतरायला लागले.